नेमार आला नाही, तुम्ही आलात का?

खरं सांगा, २४ ऑगस्टला तुमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर काय चाललं होतं? आमच्या ग्रुपवर दिवाळी होती. क्वालालंपूरमध्ये एएफसी चॅम्पियन्स लीगचा ड्रॉ निघाला आणि ‘ड’ गटात मुंबई सिटीसोबत सौदीच्या अल हिलालचं नाव आलं. हिलालने जेमतेम नऊ दिवसांपूर्वी नेमारला घेतलं होतं. म्हणजे नेमार आपल्याकडे खेळणार! ज्यांना मुंबई सिटीचे चार खेळाडू सांगता आले नसते, तेही विचारत होते, तिकिटं कधी निघणार?

मग १७ ऑक्टोबर उजाडला. माँटेव्हिडिओत उरुग्वेविरुद्ध खेळताना नेमारचा डावा गुडघा गेला, लिगामेंट फाटलं. त्या लिगामेंटचं नावही एसीएल आणि स्पर्धेचं नावही एसीएल. एसीएलमुळे एसीएल हुकली, हा विनोद मला त्या आठवड्यात निदान वीस जणांनी पाठवला. विनोद संपल्यावर दुसरे मेसेज सुरू झाले. ‘तिकीट हवंय का कुणाला? अर्ध्या किमतीत देतो.’

माझं भांडण या मेसेजशी आहे.

कारण ६ नोव्हेंबरला डी. वाय. पाटील स्टेडियमवर जे झालं, ते तुम्ही पाहायला हवं होतं. समोर कोण होतं? चार वेळा आशिया जिंकलेला क्लब. कुलिबाली, रुबेन नेवेस, मिलिन्कोविच-साविच, मित्रोविच यांचा संघ. दोनच आठवड्यांपूर्वी याच हिलालने रियाधमध्ये आपल्याला ६-० धुतलं होतं, मित्रोविचची तर हॅटट्रिक होती. नेरुळच्या लोकलमध्ये माझ्या शेजारचा ब्राझीलची जर्सी घातलेला मुलगा म्हणाला, ‘आज आठ बसतील.’ हाफ टाइमला स्कोअर होता ०-०. आजूबाजूला निळ्या हिलाल जर्सीतली पोरंसुद्धा गप्प झाली होती. उत्तरार्धात मेहताब सिंगला लाल कार्ड मिळालं, दहा जण उरले, मग मायकलने एक आणि शेवटी मित्रोविचने एक गोल केला. हरलो, ०-२. पण तो पाऊण तास... यार, तो कुठल्या रीलमध्ये मावत नाही.

आता कुणी म्हणेल, हरण्याचं काय कौतुक? कौतुक नाहीच. मोसम वाईटच गेला, त्यावर पांघरूण घालायचं कारण नाही. सहा सामने, सहा पराभव, एकच गोल आणि गटात शून्य गुण. इराणच्या नसाजीने आपल्याला दोन्ही वेळा २-० हरवलं, आणि त्यांना अख्ख्या गटात मिळालेले सहाच्या सहा गुण आपल्याचकडून मिळाले. हे जास्त बोचतं. हिलालकडून हरणं समजू शकतो, नसाजीकडून नाही. त्यात नोव्हेंबरच्या मध्यात कोच डेस बकिंगहॅम इंग्लंडला ऑक्सफर्ड युनायटेडकडे निघून गेले. ४ डिसेंबरला उझबेकिस्तानच्या नवबहोरविरुद्ध १-२ हरलो आणि खेळ खल्लास.

हाच क्लब एप्रिल २०२२ मध्ये रियाधला इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ हरवून आला होता. या स्पर्धेत भारतीय क्लबचा तो पहिला विजय, आणि विजयी हेडर होता आपल्या मुंबईच्या राहुल भेकेचा. त्याच्या एक वर्ष आधी, कोविडच्या दिवसांत, एफसी गोवाने फातोर्ड्याला लॉराँ ब्लांच्या अल रय्यानला दोनदा बरोबरीत रोखलं होतं. तेव्हा ‘आपल्याला जमत नाही’ हे काही खरं नाही. एका मोसमात जमतं, दुसऱ्यात नाही.

पण गाडी इथे अडते की ‘आपलं’ म्हणायला कुणी येतच नाही. मोसमाचा पहिला सामना १८ सप्टेंबरला, पुण्याला बालेवाडीत होता. मुंबईच्या क्लबचं घर पुण्याला का? कारण अंधेरीचं मैदान जेमतेम सात हजारांचं, एएफसीच्या निकषात न बसणारं. बरं, तारीख कुठली? गणपतीच्या आदल्या दिवशीची! घरी मखर अर्धवट टाकून बालेवाडीला निघालो म्हटल्यावर आईने जे ऐकवलं ते इथे छापता येणार नाही. स्टेडियममध्ये खुर्च्या जास्त आणि माणसं कमी. ओरडलं तर आपलाच आवाज परत ऐकू यायचा.

शनिवारी रात्री मँचेस्टर सिटीसाठी जागणाऱ्यांनो, तुम्हाला माहीत असेलच की २०२३ मध्ये मुंबई सिटीचा मालकही तोच सिटी ग्रुप होता. थोरल्या भावाची जर्सी तुमच्या कपाटात आहे, धाकट्याचं घर अंधेरीत आहे आणि तिथे तुम्ही एकदाही गेलेला नाहीत. मीही तुमच्यातलाच होतो, दोन वर्षांपूर्वीपर्यंत. म्हणून बोलतोय.

अजून एक गोष्ट. २०२४-२५ च्या मोसमापासून आशियातल्या क्लब स्पर्धांची रचना बदलली. सगळ्यात वर चोवीस क्लबांची ‘एलिट’ आली आणि आपले क्लब तिच्या खालच्या पायरीवर गेले. म्हणजे हिलालसारखा संघ, असल्या ताकदीने, नेरुळ स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर पुन्हा कधी येईल कोण जाणे. ज्याने ते तिकीट अर्ध्या किमतीत विकलं, त्याने नक्की काय विकलं?

असो. आयएसएल तेव्हा चालूच होती. २० डिसेंबर २०२३ ला मोहन बागान अंधेरीत येणार होती. मेट्रोने आझादनगरला उतरायचं, तिथून मैदान दोन पावलांवर. माझं तिकीट काढून झालं होतं, शेजारची सीट अजून रिकामी दिसत होती. नेमार नसणार, हे तेव्हाच सांगून ठेवलं होतं.