गादी घेताना गुडघ्यांना विचारा

परवा बाड्यावर ध्यानाची गादी बघायला गेले. दुकानदार रंग दाखवत होता, मी उंची विचारत होते. माझं मत साधं आहे: गादी रंगावरून नाही, गुडघ्यांवरून निवडावी. मांडी घातल्यावर बैठक गुडघ्यांपेक्षा जरा वर हवी. गुडघे अधांतरी राहिले तर पाठ वाकते आणि सगळं लक्ष कंबरेकडे जातं. गीतेच्या सहाव्या अध्यायातलं आसनही फार उंच नाही, फार सखल नाही.

'तुम्ही तर चर्चमध्ये गुडघे टेकता, तुला गादी कशाला?' असं मैत्रिणी विचारतात. जेझुइट फादर अँथनी डिमेलो यांचं 'साधना' हे इंग्रजी पुस्तक १९७८ साली आलं. त्यातले पहिले धडेच शांततेचे आणि शरीराच्या जाणिवेचे आहेत. म्हणजे असं बसणं आम्हालाही परकं नाही.

शेवटी मी गादी घेतलीच नाही. घरच्या घोंगडीच्या घड्या कमी-जास्त करत आठवडाभर बसले, तेव्हा माझी उंची सापडली. तुम्हीही आधी तेच करा, मग खुशाल विकत घ्या. आणि मांडी जमतच नसेल तर सरळ खुर्चीवर बसा. त्यानं प्रार्थना कमी होत नाही.