उन्हाला दोष देऊ नका

परवा घरी गप्पांत विषय निघाला, की विमानं उभी राहतात त्या काँक्रीटला तडे का जातात. पुतण्याने निकालच देऊन टाकला, "काका, उन्हापुढे काँक्रीटसुद्धा हरतं!" दाखला लंडनजवळच्या लूटनचा. १८ जुलै २०२२ ला तिथली धावपट्टी उष्णतेने एका जागी वर आली आणि उड्डाणं थांबवावी लागली.

मला हे मुळीच पटलं नाही. एक तर लूटनची धावपट्टी डांबरी. डांबर तापलं की मऊ पडतं, काँक्रीट पडत नाही. त्याचं दुखणं वेगळं, आणि बरेचदा ते माणसानेच ओढवून घेतलेलं.

रुळांमध्ये फट का ठेवतात, हे मी वर्षानुवर्षं पोरांकडून घोकून घेतलं. इथेही तोच धडा. ५ मीटरचा स्लॅब ४० अंशांनी तापला तर वाढतो जेमतेम २ मिलिमीटर. पण तेवढीही जागा दिली नाही, तर कडा चिरडतात. शिवाय दुपारी स्लॅबचा माथा तापतो, पोट थंड राहतं, म्हणून मधला भाग फुगतो. रात्री उलटं होतं, कोपरे उचलले जातात. त्या अधांतरी कोपऱ्यावर विमानाचं चाक आलं की तुकडा निघतो, आणि असा तुकडा इंजिनात गेला तर काय, हे सांगायला नको.

यावर उपाय सापडले नाहीत असं थोडंच आहे? काँक्रीट सेट झालं की काही तासांतच कटरने सांधे कापायचे. सांध्यातल्या डॉवेल सळया एका बाजूने सरकत्या ठेवायच्या. सांधे भरून घ्यायचे, खडे अडकू द्यायचे नाहीत. पाणी गोठताना ९ टक्के फुगतं, म्हणून थंड मुलुखात मिश्रणात मुद्दाम हवेचे बारीक बुडबुडे ठेवतात. ही युक्तीसुद्धा १९३० च्या दशकातली, अमेरिकेतली!

मग अडतं कुठे? आमच्या घरासमोर काँक्रीटचा रस्ता झाला तेव्हा मी रोज उभा राहून पाहत होतो. मिश्रण घट्ट वाटलं की ओत पाण्याची बादली. गोणपाट दोन दिवसांत कोरडं ठाक. कटरवाला उगवला तिसऱ्या दिवशी, तोवर काँक्रीटने आपले सांधे आपणच पाडले होते, वेडेवाकडे. विचारलं तर उत्तर तयार, "ऊन फार आहे हो, गुरुजी. पुढच्या वेळी सिमेंट वाढवू." अहो, सिमेंट जास्त म्हणजे आतली उष्णता जास्त, आकसणंही जास्त!

विमानतळावर देखरेख कडक असते, मान्य. पण काँक्रीटला पाटी वाचता येत नाही. रस्ता असो की विमानतळ, पहिल्या काही दिवसांत त्याला पाणी आणि वेळ मिळाला की नाही, एवढंच त्याला कळतं. उद्घाटनाची तारीख त्याला कळत नाही.

ऊन वाढतंय हे खरंच. म्हणूनच तर ही सबब यापुढे आणखी महाग पडणार आहे.

असो. पुतण्याने हे वाचावं, आणि पटलं नाही तर रविवारी भांडायला यावं. चहा तयार ठेवतो.