‘वांझ’ अंड्याचा न्याय

न्यूझीलंडच्या काही एकाकी बेटांवर काकापो नावाचा पोपट आढळतो. नावावरून आपल्याकडील ‘काका’ आठवले तरी माओरी भाषेत या शब्दाचा अर्थ ‘रात्रीचा पोपट’ असा आहे. पोपटांमध्ये हा सर्वांत वजनदार. नर चार किलोपर्यंत भरतो. पंख असूनही त्यास उडता येत नाही, आणि म्हणून माणसाबरोबर आलेल्या उंदीर-मांजरांपुढे त्याचा टिकाव लागला नाही. १९९५ साली जगात अवघे ५१ काकापो उरले होते. पुढे प्रत्येक पक्ष्यावर स्वतंत्र लक्ष ठेवून ही संख्या २०२२ साली २५२ पर्यंत नेण्यात आली. मादी अंडी घालते ती दोन ते चार वर्षांतून एकदा, रिमू वृक्षांना भरघोस फळ येते तेव्हा. आणि त्यांतील निम्म्याहून अधिक अंड्यांतून पिल्लू बाहेर पडतच नाही.

असे अंडे दिव्यासमोर धरले असता आत भ्रूणाची खूण दिसली नाही, तर नोंदवहीत ‘वांझ’ हा शब्द पडे आणि संशयाचे बोट नराकडे वळे. संशय निराधार होता असे नाही. काकापोचे वीर्य सूक्ष्मदर्शकाखाली पाहता त्यात विकृत शुक्रजंतू आढळतात. पक्ष्याचा निरोगी शुक्रजंतू लांबट, बारीक असतो. विकृतांमध्ये कोणाचे डोके फुगलेले, कोणाचे दुमडलेले, कोणाचे शेपूट वेटोळे झालेले, तर क्वचित एकास दोन शेपट्या. न उडणाऱ्या इतर मोठ्या पक्ष्यांतही हे घडते. दक्षिण आफ्रिकेतील संशोधकांनी शहामृग व एमू यांच्या शुक्रजंतूंतील अशा दोषांची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने बारकाईने वर्णने केली आहेत.

माझा आक्षेप या निरीक्षणांना नाही, त्यांवरून निकाल देण्याच्या घाईला आहे. काचपट्टीवरील थेंबात दिसतो तो शुक्रजंतू आणि अंड्यापर्यंत पोहोचतो तो शुक्रजंतू, हे दोन निराळे. पक्षिणीच्या अंडनलिकेत शुक्रजंतू साठविणाऱ्या सूक्ष्म नळ्या असतात, आणि तेथवर फारच थोडे पोहोचतात. वाटेत कठोर निवड होते व सदोष बहुधा मागेच गळतात. शिवाय थेंब थंड पडला किंवा द्रावण चुकले तरी शेपटीला वेटोळे पडते. तो दोष पक्ष्याचा नव्हे, हाताळणाऱ्याचा.

खरा साक्षीदार अंडेच आहे, आणि त्याची साक्ष पुढे घेण्यात आली. २०१९ च्या मोठ्या विणीत पिल्लू न निघालेली अंडी संशोधकांनी फोडून तपासली. बलकाभोवतीच्या पातळ पटलात अडकलेले शुक्रजंतू आणि बलकावरील चकतीत विभागलेल्या पेशींची केंद्रके त्यांनी रंगद्रव्याच्या साहाय्याने शोधली. निष्कर्ष असा, की ज्यांना वांझ समजले गेले त्यांतील बहुसंख्य अंड्यांचे फलन झालेले होते. भ्रूण डोळ्यांस दिसण्यापूर्वीच मरण पावला होता. म्हणून नर सर्वस्वी निर्दोष ठरला असे मी म्हणत नाही. पक्ष्यांच्या अंड्यात एकाहून अधिक शुक्रजंतू शिरणे स्वाभाविक असते, आणि फारच थोडे शिरल्यास भ्रूण लवकर दगावू शकतो. निकटच्या नात्यातील संकराचाही त्यात वाटा असू शकेल. परंतु फलन न होणे आणि फलनानंतर मरणे हे दोन भिन्न रोग होत. पहिल्यावर कृत्रिम रेतन हा उपाय आहे (काकापोच्या बाबतीत तो प्रथम २००९ साली यशस्वी झाला). दुसऱ्यावर तो पुरेसा नाही.

येथे कोणी म्हणेल, एका शब्दाचा एवढा बाऊ कशाला? त्यास मी रिचर्ड हेन्री या नराची हकिकत सांगेन. १९७५ साली फियॉर्डलंडच्या डोंगरांत तो सापडला. मुख्य भूमीवरील काकापोंचा तो शेवटचा वंशधर. बाकीचे सारे स्ट्यूअर्ट बेटाकडील. तेवीस वर्षे त्यास एकही पिल्लू झाले नाही. १९९८ साली फ्लॉसी नावाच्या मादीपासून त्यास तीन पिल्ले झाली, आणि एरवी लुप्त झालेला आनुवंशिक वारसा त्यांच्याद्वारे टिकला. २०१० साली तो मरण पावला. त्या तेवीस वर्षांत कोणी त्याच्यावर ‘वांझ’ असा शिक्का मारून त्यास मादीपासून दूर ठेवले असते, तर तो शिक्का पुसण्यास पुढे कोणीच उरले नसते.

काही वर्षांपूर्वी एका पुस्तिकेच्या अनुवादात मीही हाच शब्द निःशंकपणे योजला होता. मूळ इंग्रजीत तसा शब्द होता, मराठीत तो सहज रुळलेला, आणि आपल्या समाजात तो स्त्रीच्या माथी किती सहजपणे मारला जातो याचा विचार तेव्हा मनास शिवला नाही. निपुत्रिकेचा दोष पाहण्यापूर्वीच ठरविण्याची आपली सवय जुनी आहे. येथे आरोपी नर होता, एवढाच फरक. आता नव्या मुद्रणासाठी मुद्रिते तपासताना मी तो शब्द सर्वत्र खोडून ‘अविकसित अंडे’ असे घातले आहे. मुद्रकांनी विचारले, कारणाच्या रकान्यात काय छापू? तो रकाना तूर्त कोरा सोडण्यास मी सांगितले आहे.