घोड्यावरचं बिऱ्हाड

दोस्तांनो, तुमच्यापैकी कुणाचं आजोळ महाड किंवा पोलादपूरकडे असेल, तर त्याला एक प्रश्न विचारा. भातकापणी उरकली, खाचरं रिकामी झाली, की घाटावरून खाली कोण उतरतं?

उत्तर ऐकू येण्याआधी दिसतं. लांबवर धूळ उठते, मग "हिर्र हिर्र" आणि मेंढरांची बें-बें. पुढे दोन-तीन घोडी. त्यांच्या पाठीवर भांडीकुंडी, घोंगड्या, पिठाचं गाठोडं, त्यावर पाय बांधलेल्या कोंबड्या, आणि झोळीतून डोकं बाहेर काढून बघणारं कालपरवाच जन्मलेलं कोकरू. कधी त्याच्याच शेजारी कुत्र्याचं पिल्लू, तर कधी घरातलं तान्हं मूल! अमेरिकेतल्या गवताळ मैदानांतून लोक चाकांवरचं घर आणि घरचं कुत्रं घेऊन भटकंतीला निघतात. ती सुट्टीची मौज झाली. आपल्या मेंढपाळ धनगरांना मात्र अशीच वर्षातली सहा-सात महिने वाट तुडवावी लागते.

का बरं? भूगोलाचं पुस्तक काढा. फलटण भागात वर्षाला जेमतेम ५०० मिलिमीटर पाऊस पडतो. सह्याद्री ओलांडून महाडला आलात, की तोच आकडा ३००० च्या वर जातो. हिवाळा लागला की घाटावरची कुरणं वाळतात, इकडे कोकणात मात्र हिरवा पाला आणि पाणी शिल्लक असतं. म्हणून फलटण, बारामती, पुरंदर अशा भागांतली कितीतरी कुटुंबं घाट उतरतात. महाडकडे येण्याची एक वाट भोरहून वरंध घाटातून येते.

काही कुटुंबं मिळून चालतात, त्या समूहाला 'वाडा' म्हणतात. चिरेबंदी वाडा नव्हे हं! या वाड्याला भिंतच नसते. दिवसा पुरुष मेंढ्या चारत रानातून जातात. बायका घोडी घेऊन आधीच पुढच्या मुक्कामाला पोचतात, पाणी शोधतात, तीन दगडांची चूल मांडतात. संध्याकाळी कळप आला, की त्याच्याभोवती 'वाघर' लावायची. वाघर म्हणजे मेंढ्या आत ठेवण्याचं जाळं. आत मेंढरं, बाहेर कुत्री. घाटावर भीती लांडग्याची, इथे बिबट्याची. कुत्र्यांचं भुंकणं बदललं, की गाढ झोपलेला माणूससुद्धा काठी घेऊन उठतो.

आता तुम्ही म्हणाल, परक्याच्या शेतात मुक्काम, शेतकरी हाकलून देत नाही? उलट तोच बोलावतो! रात्रभर शेतात मेंढ्या बसवल्या, की लेंड्या आणि मूत जमिनीत पडतं, खुरांनी ते मातीत मिसळतं. बसल्या जागी शेत खतवलं जातं. त्याच्या मोबदल्यात पूर्वी धान्य मिळायचं, आता बहुधा रोख पैसे. घासाघीसही होते बरं का, मेंढ्या किती आणि रात्री किती यावरून.

पण सगळं इतकं गोड नाही. कोकणात भातानंतर काही खाचरांत ओलीवर वाल पेरतात. एखादी मेंढी तिकडे वळली, की पाठोपाठ अख्खा कळप वळतो आणि भांडण पेटतं. १९९० पासून सरकारी फळबाग योजनेतून डोंगरउतारावर आंबा-काजूची कलमं लागली. कोवळी कलमं म्हणजे शेळ्या-मेंढ्यांचा खाऊच, तेव्हा बागेला कुंपण आलं. त्या शेतकऱ्याचंही चुकलं असं कसं म्हणायचं? जंगलखात्याचीही काही रानं चराईला बंद असतात. त्यात मुंबई-गोवा महामार्ग रुंद झालेला. शंभर-दोनशे मेंढ्या धावत्या ट्रकांमधून पलीकडे न्यायच्या म्हणजे काय, ते तुम्हीच डोळ्यांसमोर आणा. पुढची मेंढी जाईल तिकडे मागची जाणार; ती मध्येच बिचकली, तर सगळाच घोटाळा.

शिवाय पाऊस. मेंढीची लोकर भिजली की लवकर सुकत नाही, आणि थंडीत ती काकडते. १ आणि २ डिसेंबर २०२१ ला अवकाळी पाऊस आणि गारठा एकदमच आला, तेव्हा पुणे जिल्ह्यात जुन्नर, आंबेगाव भागात शेकडो मेंढ्या दगावल्या. विमा नसलेल्या घराची सगळी शिल्लक एका रात्रीत गेली, असा त्याचा अर्थ.

आणि वाड्यातली तुमच्या वयाची मुलं? त्यांना कोकराला कुणाची आई कोणती हे शंभरांतून ओळखता येतं. पण दिवाळी ते मे शाळा बुडते. २००९ चा शिक्षण हक्क कायदा सांगतो, की ६ ते १४ वर्षांच्या मुलाला वर्षाच्या मध्येही आणि जुन्या शाळेचा दाखला नसला तरीही प्रवेश नाकारता येत नाही. कायदा चांगलाच आहे. पण वाडा चार दिवसांनी पुढच्या गावी निघाला, तर बाकावर बसायचं किती दिवस? काही घरांनी यावर तोडगा काढलाय : मुलं आजीपाशी गावी ठेवायची, आईबाप कोकणात. त्या आजीचं कौतुक वाटतं, आणि त्या आईचं वाईटही.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. महाड-पोलादपूरच्या डोंगरांवर जे धनगरवाडे दिसतात, ते वेगळे. ते गवळी धनगर, म्हशी पाळणारे, तिथेच राहणारे. त्यांची गोष्ट पुन्हा कधीतरी.

मे महिन्यात काळे ढग दिसायच्या आत वाडा घाट चढायला लागतो. कोकणातल्या चिखलात मेंढ्यांचे खूर सडतात, म्हणून थांबून चालत नाही. येताना झोळीतून आलेलं ते कोकरू आता चांगलं थोराड झालेलं असतं. त्याला परतीचा घाट स्वतःच्या पायांनी चढावा लागतो, कारण घोड्यावरची झोळी आता त्याच्यापेक्षा लहान कुणाची तरी आहे.