‘काजळमाया’ आणि तिचे टीकाकार

जी. ए. कुलकर्णी यांचा ‘काजळमाया’ हा कथासंग्रह १९७२ साली निघाला. त्यास १९७३ चे साहित्य अकादमी पारितोषिक लाभले. परंतु प्रकाशनाच्या तारखेवरून वाद उपस्थित होताच जी. एं.नी ते परत केले. तो प्रश्न नियमाचा होता, गुणांचा नव्हे. तरीही संग्रहाचे नाव निघाले की वाद आधी आठवतो, कथा मागाहून.

गुणांविषयी टीकाकारांत दोन तट पडले. एकाला या कथांत मराठी कथेची नवी खोली दिसली. दुसऱ्याला नियतीचा अतिरेक आणि प्रतिमांची दाटी. दुसरा आक्षेप सर्वस्वी निराधार म्हणता येत नाही. मृत्यू व दुर्दैव यांचा येथे सुकाळच आहे. पण राजदरबारातला ‘विदूषक’ आणि घरगुती जगातली ‘प्रदक्षिणा’ या दोहोंवर ‘नियतिवादी’ असा एकच शिक्का मारल्याने वाचकाला कोणती कथा कळली?

दिलसुखनगरसारख्या तेलुगू वस्तीत राहणाऱ्या मराठी माणसाला हे विशेष जाणवावे. येथे पुस्तकाआधी परीक्षणच हाती येते आणि पुस्तक मागवावे की नाही, हे तेच ठरविते. स्वतः जी. ए. धारवाडच्या कानडी मुलखात इंग्रजी शिकवीत मराठी लिहीत राहिले. अशा दूरच्या वाचकासाठी तरी टीकाकाराने निर्णय देण्यापूर्वी कथा उलगडून दाखवावी. मत मग वाचक आपले आपण बनवील.