पोटातला गॅस आणि माकडहाडाची ठणक

पिकावर कीड पडली की आपण चार जणांना दाखवतो. पण पोटात गॅस धरतो, बसताना माकडहाड ठणकते, ही दुखणी मात्र लाजेपोटी लपवतो. बाया तर घरातही बोलत नाहीत. म्हणून या वेळी खत-बियाणे बाजूला ठेवून याविषयी लिहितो. मी शेतीचा पदवीधर, डॉक्टर नव्हे. तेव्हा औषध सांगत नाही, कारणे आणि घरची काळजी सांगतो.

प्रथम गॅस. हरभरा, मटकी, हुलगा, पावटा यांतल्या काही साखरा पचवणारा रस माणसाच्या लहान आतड्यात नसतो. त्या तशाच मोठ्या आतड्यात जातात आणि तिथले जंतू त्या आंबवतात. गोबरगॅसच्या टाकीत शेणाचे होते, तसलाच हा प्रकार. म्हणून कडधान्य रात्रभर भिजवा, ते पाणी परसातल्या झाडाला घाला आणि नव्या पाण्यात शिजवा. मोड आणल्यास या साखरा आणखी कमी होतात. कडधान्य सोडू मात्र नका, आपल्या ताटातली प्रथिने त्यातच आहेत. भराभर जेवल्यानेही हवा गिळली जाते. दुधानेच पोट फुगत असेल, तर आठ दिवस दुधाऐवजी ताक घेऊन पाहा. रोज खायचा सोडा घेण्याची सवय वाईट. रक्तदाबवाल्यांना तो बाधतो.

माकडहाड म्हणजे कण्याचे शेवटचे टोक. घसरून ढुंगणावर पडणे, अवघड बाळंतपण, ट्रॅक्टरच्या कडक सीटवर तासन्‌तास बसणे यांनी ते दुखावते. शौचाला कुंथावे लागले की त्यावर ताण येतो, आणि बद्धकोष्ठाने गॅसही कोंडतो. अशी ही दोन दुखणी एकमेकांना वाढवतात. पाणी भरपूर प्या, पालेभाजी खा, शौचाची कळ थोपवू नका. बसताना घोंगडीची घडी अशी घ्या, की माकडहाडाखालची जागा मोकळी राहील. अंग किंचित पुढे झुकवा आणि अर्ध्या तासाने उठून चार पावले चाला. कोमट पाण्याच्या टबात बसल्यानेही आराम पडतो.

आधार घ्यायला लाजू नका. १९३७ साली पुण्यात आलेले योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार घोंगडी, दोर, खुर्ची यांच्या आधाराने आसने शिकवीत. १९७५ साली त्यांची संस्था पुण्यात सुरू झाली.

आता महत्त्वाचे. शौचातून रक्त, काळे शौच, विनाकारण घटणारे वजन, ताप, माकडहाडाजवळ पू धरलेली गाठ, यांपैकी काही दिसले तर घरगुती उपाय थांबवून डॉक्टरांना दाखवा. जांघेत बधिरपणा आला किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठा. एरवीही दोन-तीन आठवड्यांत उतार न पडल्यास आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. पुण्याच्या आसपासच्यांना स्टेशनजवळचे सरकारी ससून रुग्णालय आहे. १८६७ पासून ते गोरगरिबांच्या उपयोगी पडत आले आहे.

घरातल्या कर्त्यांनी एवढे करावे: सासूबाई किंवा सूनबाई बसताना कण्हत असतील, तर आपणहून विचारावे. त्या स्वतः सांगणार नाहीत.