‘पैशासाठी गेला’

ऑफिसच्या कामासाठी मी आठ महिने सॅल्फर्डला होतो, मँचेस्टरला चिकटून असलेल्या गावात. शेजारच्या डेस्कवर माझ्या बाबांच्या वयाचा एक वेल्श इंजिनिअर होता. माणूस अगदी देवमाणूस, फक्त रग्बी युनियनबद्दल वेडावाकडा शब्द खपवून न घेणारा. एकदा जेवताना कॉलिन डिक्सनचं नाव निघालं. तो म्हणाला, “खेळाडू थोर होता, पण पैशासाठी उत्तरेला गेला.”

हे ‘पण’ माझ्या डोक्यातून जाईना. पहिल्या नोकरीत दोन वर्षांचा बाँड संपल्यावर मी राजीनामा दिला, तेव्हा एचआरवालीनेही चेहरा पाडून विचारलं होतं, “म्हणजे फक्त पैशासाठी चाललायस?” पैसा हे कारण लाजेचं आहे असं आपल्याला सांगणारे लोक स्वतः बहुधा पगारी असतात.

डिक्सन १९४३ साली कार्डिफच्या टायगर बे भागात जन्मला. गोदीलगतची ही वस्ती. सोमाली, येमेनी, कॅरिबियन, आयरिश, नॉर्वेजियन असे जगभरातले खलाशी इथे उतरले आणि इथलेच झाले. १९६१ साली, सतरा वर्षांचा असताना, तो यॉर्कशरमधल्या हॅलिफॅक्स क्लबकडे गेला. तेरा खेळाडूंची, उघडपणे पैसे देणारी रग्बी लीग खेळायला. वेल्समध्ये ‘उत्तरेला जाणं’ याचा अर्थ एवढाच. पण एकदा गेलं की पंधरा खेळाडूंच्या युनियनचे दरवाजे जन्मभर बंद.

या सोवळ्याचा उगम पाहिला तर तत्त्वाची गोष्ट लवकरच हिशेबावर येते. १८९५ साली हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तर इंग्लंडचे क्लब वेगळे झाले ते शनिवारी खेळायला गेलेल्या कामगाराचा बुडालेला रोज भरून द्यायचा की नाही, या वादातून. सुरुवातीला मागणी होती दिवसाला सहा शिलिंग. ज्यांना शनिवारच्या रोजाची गरज नव्हती, ते म्हणाले की खेळ शुद्ध राहिला पाहिजे. पुढे शंभर वर्षं हे चाललं. १९९५ साली युनियनने स्वतःच धंदा उघड केला, तेव्हा त्या शुद्धतेचं काय झालं हे कुणी सांगितल्याचं मला आठवत नाही. त्याआधीही बुटात घातलेल्या नोटांचे किस्से वेल्समध्ये सगळ्यांना ठाऊक होतेच.

माझ्या सहकाऱ्याचा युक्तिवाद मात्र निव्वळ आंधळा नव्हता. तो म्हणाला, “डिक्सनला वेल्सने कधी नाकारलं? सतराव्या वर्षी कोण कुणाला नाकारतं? आणि गोरेही गेलेच ना!” हे खरं आहे. डेव्हिड वॉटकिन्स १९६७ मध्ये न्यूपोर्ट सोडून याच सॅल्फर्डला आला, तो तर युनियनच्या वेल्स संघाचा कप्तान राहिलेला. पण इथेच मुद्दा उलटतो. वॉटकिन्स वेल्सची कॅप घेऊन निघाला. त्याच्याकडे सोडण्यासारखं काही होतं. टायगर बेच्या पोराने आधी गेलेल्यांकडे बघायचं होतं. बिली बॉस्टन १९५३ मध्येच विगनला गेला आणि तिथे ट्रायचे डोंगर रचले. जॉनी फ्रीमन हॅलिफॅक्सला आधीच होता. वेल्सच्या युनियन संघात कृष्णवर्णीय खेळाडू दिसायला १९८०चं दशक उजाडलं. सतरा वर्षांच्या मुलाला कुणी पत्र पाठवून नकार कळवावा लागत नाही. गल्लीला माहीत असतं. बाळू पालवणकरांना हिंदू संघाचं कप्तानपद कसं कधीच मिळालं नाही, हे ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला हे अधिक फोड करून सांगायला नको.

आता खेळाबद्दल, कारण त्याबद्दल कुणी बोलतच नाही. डिक्सन सुरुवातीला बॅक होता, मागून धावणारा. नंतर तो सेकंड रोमध्ये गेला, म्हणजे फॉरवर्ड झाला. स्क्रममध्ये खांदा लावायचा, समोरून येणाऱ्या धिप्पाड गड्याला पाडायचं, उठायचं, पुन्हा पाडायचं. बॅकचा वेग घेऊन हे काम करणारा माणूस किती दुर्मीळ असेल! शिवाय त्याच्याच काळात नियमही पायाखालून सरकत होते. तो आला तेव्हा टॅकलना मर्यादाच नव्हती, एक संघ चेंडू धरून बसू शकायचा. १९६६ला चार टॅकलची मर्यादा आली, १९७२ला सहाची. फॉरवर्डच्या कामाचं गणितच बदललं. (दर दोन वर्षांनी नवं फ्रेमवर्क आलं म्हणून कुरकुरणाऱ्या माझ्यासारख्यांनी जरा विचार करावा.) तो यातून टिकला, सातशेहून जास्त सामने.

हॅलिफॅक्सबरोबर त्याने १९६४-६५चं विजेतेपद पाहिलं. १९६८च्या डिसेंबरात सॅल्फर्डने त्याला घेतलं. रोख रक्कम आणि एक खेळाडू धरून पंधरा हजार पौंडांचा तो व्यवहार त्या काळचा विक्रम. पुढच्याच वर्षी वेम्बलीवर कॅसलफर्डकडून ११-६ अशी हार. मग १९७३-७४ आणि १९७५-७६ची विजेतेपदं. त्या झगमगीत सॅल्फर्ड संघाला लोक क्वालिटी स्ट्रीट गँग म्हणायचे, डब्यातल्या रंगीत चॉकलेटांवरून. ती चॉकलेटं बनायची हॅलिफॅक्समध्ये, हा योगायोग मला भारी आवडतो. ग्रेट ब्रिटनकडून तो खेळला. वेल्सकडूनही खेळला, लीगच्या वेल्सकडून. त्यालाही लाल जर्सीच असते, पण माझ्या सहकाऱ्याच्या लेखी ती मोजायची नसते.

२०२३ मध्ये कार्डिफ बेमध्ये या ‘उत्तरेला गेलेल्यां’चा पुतळा उभा राहिला: बॉस्टन, गस रिझमन, क्लाइव्ह सलिव्हन. २०२५ मध्ये नव्वदीतल्या बॉस्टनला सर किताब मिळाला, लीगच्या खेळाडूला पहिल्यांदाच. उशीर झाला, पण झालं हे बरंच झालं. फक्त बघा, पुतळ्यातले तिघेही बॅक. ट्राय मारणारे आणि गोल करणारेच आठवतात, त्यांच्यासाठी वाट मोकळी करणारा खांदा आठवत नाही. ब्रॅडफर्डकडून खेळलेला, कार्डिफचाच फ्रँक व्हिटकोम १९४८ मध्ये हरलेल्या संघात असूनही वेम्बलीचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, हा मान मिळवणारा पहिला फॉरवर्ड. त्याचं नाव तरी किती जणांना माहीत आहे?

डिक्सन १९९३ मध्ये गेला, एकोणपन्नासाव्या वर्षी. युनियनने पैसा शुद्ध असल्याचं जाहीर केलं, त्याच्या दोन वर्षं आधी.

निघायच्या आठवड्यात मी त्या सहकाऱ्याला विचारलं, “तू स्वतः कार्डिफ सोडून सॅल्फर्डला का आलास?” तो हसला आणि म्हणाला, “इथे पगार बरा होता.” मग थोडा वेळ दोघंही गप्प बसून सँडविच खात राहिलो.